मोऱ्याची लाँच, पौर्णिमेची ओहोटी आणि खिशातला फोन

मोरा बंदर आणि भाऊचा धक्का यांच्यामध्ये धावणारी लाँच घड्याळाइतकीच चंद्रावरही चालते. मोरा हे उरणचं बंदर. इथे गाळ साचतो, पाण्याला खोली कमी पडते आणि मोठ्या ओहोटीला लाँच जेट्टीला लागू शकत नाही. मग फेऱ्या काही काळ थांबतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकल आली, आणि मुंबईला जायला आणखी दोन वाटा झाल्या. तरी डोक्यावर हारा घेऊन निघालेल्या मावशीला काय किंवा माझगावकडे कामाला जाणाऱ्या माणसाला काय, सरळ पाण्यावरून नेणारी लाँचच सोयीची वाटते. तिची वेळ चुकली तर दिवसाचं सगळं गणित बिघडतं.

या वेळेचा एक जुना हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला. पौर्णिमा-अमावस्येला उत्तर येतं सव्वाअकरा, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास येते, एक दुपारी आणि एक मध्यरात्री. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पाणी पूर्ण उतरतं. आता यातलं खरं दुखणं पाहा. उधाण पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत. तेव्हा भरती सर्वांत मोठी आणि ओहोटीही सर्वांत खोल. ती खोल ओहोटी येते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे नेमकी लोकांच्या जाण्यायेण्याच्या वेळी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, ओहोटी भरदुपारी येते, तीही उथळ, त्यामुळे ती फारशी जाणवत नाही.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगायचं कारण असं. नंबर आणि तारखा नीट सांभाळेल असा फोन कोणता घ्यावा, हा प्रश्न दुकानात सहसा कॅमेरा, रॅम आणि किंमत यांच्यापाशी येऊन थांबतो. पण मोऱ्याच्या माणसाला लागणारी यादी आणि लागणारं कॅलेंडर हे दुकानातल्या काचेमागून ठरत नाही. बर्फवाला, डिझेलवाला, इंजिनाचा मेकॅनिक, धक्क्यावरचे व्यापारी, नात्यागोत्यातली माणसं, शाळेचा नंबर, दवाखान्याचा नंबर. शिवाय कुणाची बंदरातली शिफ्ट, कुणाची लाँच, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची पश्चिम किनाऱ्यावरची ६१ दिवसांची मासेमारी बंदी. ही यादी हँडसेटमध्ये राहत नाही, किंवा राहू द्यायची नसते. ती इंटरनेटवरच्या एका खात्यात राहते, आणि फोन ती फक्त दाखवतो. म्हणून आधी खातं ठरवायचं आणि मग फोन निवडायचा, असं माझं ठाम मत आहे. त्याला आधार या यंत्रांच्या इतिहासातच आहे.

खिशात मावणारी नावा-तारखांची यंत्रं स्मार्टफोनच्या बरीच आधीची. ब्रिटनच्या सायऑन कंपनीचा ऑर्गनायझर १९८४ मध्ये आला. अ‍ॅपलने १९९३ मध्ये न्यूटन आणला. त्याच्यावर हाताने लिहिता येत होतं, पण अक्षर ओळखण्यात तो वारंवार गोंधळायचा आणि खिशात मावण्याइतका लहानही नव्हता. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटने मात्र लोकांची नस पकडली. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र घडवण्याआधी त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरायला सुरुवात केली होती. कुणी वेळ मागितली की तो ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीने लिहिल्यासारखं करायचं. खिशातून काढून परत ठेवेपर्यंत काय काय लागतं, हे त्यांनी असं तपासलं. तयार पायलटला पुढे चार मुख्य बटणं होती: तारखा, पत्ते, करायची कामं आणि टिपणं. दोन बारीक पेन्सिल सेलवर तो कित्येक आठवडे चालायचा.

पण त्याच्या यशाचं खरं कारण होतं त्याच्यासोबत येणारी बैठक. पायलट तिच्यावर ठेवायचा, एक बटण दाबायचं, आणि यंत्रातली व टेबलावरच्या संगणकातली यादी एकमेकांशी जुळवली जायची. पायलटमधली माहिती सेल पूर्ण उतरले की पुसली जायची. हा दोष वाटेल, आणि होताच. तरी माणसं निर्धास्त असायची, कारण सेल बदलून पायलट पुन्हा बैठकीवर ठेवला की सगळी नावं परत यायची. यंत्र हरवलं तरी यादी हरवत नव्हती. पायलट विकत घेणारा माणूस खरं तर ही खात्री विकत घेत होता.

याच विचाराची एक भारतीय वाट आपल्याकडे निघाली होती, आणि ती विसरली गेली याची मला मनापासून हळहळ वाटते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी अभियंत्यांना सोबत घेऊन १९९० च्या दशकाच्या शेवटी सिंप्युटर या हातातल्या संगणकाची कल्पना मांडली. गावात सगळ्यांना एकेक यंत्र परवडणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. म्हणून त्याला स्मार्टकार्डाची खाच दिली. यंत्र गावाचं, कार्ड ज्याचं त्याचं. आपलं कार्ड घातलं की आपली माहिती समोर, काढलं की यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यायला मोकळं. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने अमिडा सिंप्युटर बाजारात आला, पण तोवर मोबाइल फोन स्वस्त होऊ लागले होते आणि सिंप्युटर मागे पडला. त्यातला विचार मात्र अचूक होता: माणसाची माहिती आणि यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पुढचं थोडक्यात. ब्लॅकबेरीने ऑफिसची मेल आणि कॅलेंडर बिनतारी आणून खिशात दिलं. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला आणि तो पहिल्या दिवसापासून गूगल खात्यातल्या नावांशी आणि कॅलेंडरशी जोडलेला होता. टेबलावरच्या संगणकाची जागा दूरच्या सर्व्हरने घेतली आणि बैठकीची जागा इंटरनेटने. दरम्यान माहिती लिहायच्या सामाईक पद्धतीही ठरल्या. एका माणसाचं नाव, नंबर, पत्ता एका फाइलमध्ये बांधणारं व्हीकार्ड १९९५ च्या सुमाराला तयार झालं, तारखांसाठी आयकॅलेंडरचे नियम १९९८ मध्ये आले. सर्व्हरशी कॅलेंडर जुळवायची कॅलडॅव्ह ही पद्धत २००७ मध्ये आणि नावं जुळवायची कार्डडॅव्ह २०११ मध्ये पक्की झाली. या पद्धती कुणा एका कंपनीच्या मालकीच्या नाहीत. एका कंपनीचा फोन सोडून दुसऱ्या कंपनीचा घेताना आपली यादी सोबत येते ती त्यांच्यामुळे.

आता हातातल्या फोनकडे येऊ. नवा नंबर सेव्ह करताना तो तीनपैकी एका ठिकाणी जातो: सिम कार्डवर, फोनच्या स्वतःच्या साठ्यात किंवा खात्यात. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये हा प्रश्न एकदाच, पहिला नंबर टिपताना विचारला जातो आणि आपण घाईत काहीतरी दाबून पुढे जातो. नंतरचे सगळे नंबर त्याच वाटेने जात राहतात. सिम ही यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत अरुंद जागा. साधारण अडीचशे नावांची, आणि प्रत्येक नाव थोडक्या अक्षरांचं. देवनागरीत तर त्याहून कमी अक्षरं मावतात, कारण लक्ष्मण हे नाव आपल्या डोळ्याला तीन अक्षरांचं दिसलं तरी संगणकाला पाय मोडलेली व्यंजनं धरून सात चिन्हं मोजावी लागतात. शिवाय सिमवर एका नावाला सहसा एकच नंबर बसतो, वाढदिवस, पत्ता, दुसरा नंबर यांना तिथे जागा नाही. फोनच्या साठ्यात जागा भरपूर, पण तो फोन जेट्टीवरून उतरताना पाण्यात पडला की ती यादीही पाण्यात गेली. खात्यात टाकलेलं नाव मात्र दुसऱ्या फोनवर तेच खातं उघडताच परत येतं.

तेव्हा कॉन्टॅक्टच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगला जायचं, नवे नंबर कुठे सेव्ह होतात ते पाहायचं आणि तिथे आपलं खातं निवडायचं. जुने सिमवरचे आणि फोनमधले नंबर खात्यात हलवायची सोयही बहुतेक फोनमध्ये असते. एवढं करायला पाच मिनिटं लागतात.

इथेच आणखी एक गोष्ट येते, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अनेक घरांत फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने घाईघाईने एक मेल खातं उघडून दिलेलं असतं. पासवर्ड त्याने ठरवलेला, कुणी लिहून ठेवला नाही. कधी तर दोन-तीन फोनांना एकच खातं लावून दिलेलं असतं, मग काकांचे व्यापारी आणि भाच्याचे कॉलेजचे मित्र एकाच यादीत दिसू लागतात. फोन चालू आहे तोवर काही अडत नाही. तो हरवला, बंद पडला की कळतं की हजार नंबर सर्व्हरवर सुखरूप आहेत, पण दाराची किल्ली कुणापाशीच नाही. म्हणून नवा फोन घ्यायच्या आधी, जुना चालू असतानाच, आपलं खातं कोणतं ते पाहावं. पासवर्ड आपणच ठरवावा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवावा. खातं परत मिळवण्यासाठी जो नंबर द्यायचा असतो, तिथे घरातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाचा नंबर घालावा. स्वतःचाच नंबर घातला आणि फोनसोबत सिमही गेलं, तर येणारा ओटीपी घेणार कोण? आईवडिलांच्या फोनचं हे काम मुलांनी त्यांच्या शेजारी बसून, त्यांना दाखवत करावं.

सिंक, म्हणजे फोनमधली आणि खात्यातली यादी जुळवणं, होतं कसं, हे थोडं समजून घेतलं तर पुढचे गोंधळ टळतात. प्रत्येक नावाला खात्यात एक न दिसणारा ओळखक्रमांक असतो आणि ते नाव शेवटचं केव्हा बदललं याची खूणही असते. फोन सर्व्हरला विचारतो, मी मागच्या वेळी इथपर्यंत पाहिलं होतं, त्यानंतर काय बदललं? सर्व्हर तेवढंच पाठवतो, फोनही आपल्याकडचे बदल पाठवतो. म्हणून हजार नावं असली तरी एक नंबर बदलायला क्षणभरच लागतो, कमकुवत नेटवर्कवरही काम होतं. यादी व्हीकार्डच्या फाइलने काढून दुसरीकडे घातली की बऱ्याचदा जुनी ओळख जुळत नाही. खात्याला ती नवीच माणसं वाटतात आणि प्रत्येक नाव दोनदा, तीनदा दिसू लागतं. असं झालं तर घाबरून एकेक पुसत बसू नये. एकसारखी नावं शोधून जोडायची सोय गूगलच्या कॉन्टॅक्टमध्येही आहे आणि आयफोनमध्येही. देवनागरी नावांच्या जागी विचित्र चिन्हांच्या ओळी दिसल्या तर तोही जुन्या व्हीकार्डचा दोष असतो. त्या जुन्या पद्धतीत इंग्रजीबाहेरची अक्षरं आकड्या-अक्षरांच्या जोड्यांत लिहिली जात, आणि वाचणाऱ्या अ‍ॅपला ती उलगडता आली नाहीत की नावाचा चेहरामोहराच जातो. अशा वेळी फाइलचा नाद सोडून जुन्या फोनमध्येच खातं लावावं आणि नावं तिथून वर जाऊ द्यावीत.

सिंक म्हणजे बॅकअप असं मात्र कुणी समजू नये. लहान मुलाने खेळता खेळता एक नाव पुसलं तर ते पुसणंही इमानेइतबारे सगळीकडे पोहोचतं. गूगलमध्ये पुसलेलं नाव ३० दिवस कचरापेटीत राहतं, तेवढ्यात परत आणता येतं. आयक्लाउडमध्येही मागच्या काही दिवसांची यादी परत मिळवायची सोय आहे. पण महिन्यानंतर लक्षात आलं तर उपाय नाही. म्हणून वर्षातून एकदा सगळी यादी फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर किंवा स्वतःलाच मेल करून ठेवावी. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, होड्यांना रंग लागतो, त्यातच हे काम उरकून घ्यावं.

अँड्रॉइड की आयफोन? ज्याच्या घरात सगळे अँड्रॉइड वापरतात त्याने अँड्रॉइडच घ्यावा, यादी-कॅलेंडरासाठी महाग फोन लागत नाही. पण एक फरक माहीत असावा. आयफोन कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह या खुल्या पद्धती मुळातूनच बोलतो, म्हणजे गूगल, आयक्लाउड किंवा एखाद्या संस्थेचा स्वतःचा सर्व्हर, कुठलंही खातं सेटिंगमधून जोडता येतं. अँड्रॉइडमध्ये गूगलचं खातं सहज चालतं, पण इतर सर्व्हरसाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. उलट आयफोनमध्ये गूगल खातं जोडलं तर नावं आणि कॅलेंडर ठरावीक वेळाने आणली जातात, बदल होताक्षणी ढकलली जात नाहीत. मुलाने मुंबईतून कॅलेंडरात टाकलेली वेळ मोऱ्यातल्या आयफोनवर दिसायला थोडा उशीर लागला, तर फोन बिघडलेला नसतो. तिथेही नवे नंबर आयक्लाउडमध्ये जावेत की गूगलमध्ये, हे सेटिंगमधून एकदा ठरवून टाकावं. घरात एक आयफोन आणि चार अँड्रॉइड असतील तर गूगलमध्येच.

स्वस्तात जुना फोन घेताना किती वर्षं अपडेट मिळणार हे जरूर विचारावं. सप्टेंबर २०२१ मध्ये गूगलने अँड्रॉइड २.३.७ आणि त्याहून जुन्या फोनांवर खात्यात शिरायची सोय बंद केली. फोन चालू, पडदा ठणठणीत, आणि तरी नावं उतरवता येत नाहीत, अशी त्यांची अवस्था झाली. अलीकडे काही कंपन्या महागड्या फोनांना सात वर्षं अपडेट द्यायचं वचन देतात, स्वस्त फोनांना त्याहून बरंच कमी मिळतं.

खारं पाणी हा इथला वेगळा प्रश्न. खोक्यावर आयपी६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी६८ त्याहून खोल. पण या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. समुद्राचं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, ते चार्जिंगच्या खाचेत बसतं आणि धातू खातं. ओल्या खाचेत चार्जर लावू नये, आणि बोटीवर झिपच्या पाणबंद पिशवीशिवाय फोन काढू नये. ओल्या हाताला स्पर्शाचा पडदा नीट दादही देत नाही, कारण तो बोटाची विद्युत चाहूल घेऊन चालतो आणि पाण्याचा थरही तशीच चाहूल देतो. म्हणून बोटीवर साधा बटणांचा फोन आणि घरी स्मार्टफोन, ही जोडी मला अगदी योग्य वाटते. बटणांच्या फोनमध्ये कामाचे वीस-पंचवीस नंबर असले की पुरे. मूळ यादी खात्यातच राहू द्यावी आणि नंबर बदलला की आधी तिथे बदलावा. काही बटणांच्या फोनांत, उदाहरणार्थ २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनसारख्या फोनांत, गूगल खात्यातले नंबर उतरवून घेता येतात. दोन नंबर मात्र प्रत्येक फोनमध्ये हाताने घालावेत: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. यांच्यापुढे +९१ लावायचं नाही. बाकी सगळ्या नंबरांना ते लावलेलं बरं, म्हणजे घरातला कुणी जहाजावर नोकरीला गेला तरी परदेशातून तोच नंबर तसाच लागतो.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी कॅलेंडरातली एक खुबी सांगायला हवी. कॅलेंडरात टाकलेली वेळ ही एका ठिकाणच्या घड्याळाला बांधलेली असते. सकाळी नऊला घरी फोन करायचा, अशी नोंद मोऱ्यात केली आणि माणूस सिंगापूरला पोहोचला, तर फोन ती साडेअकराला दाखवेल, दुबईत साडेसातला. घरच्यांशी बोलण्यासाठी हेच बरोबर आहे. पण रोज सकाळी आठला गोळी घ्यायची असेल तर ती जिथे असू तिथल्या आठला हवी. आयकॅलेंडरच्या नियमांत अशी न बांधलेली वेळही चालते, फक्त बहुतेक फोन ती समोर आणत नाहीत. गोळीसाठी सरळ अलार्म लावावा, तो स्थानिक घड्याळाबरोबर चालतो.

आणि आता तिथी. फोनच्या कॅलेंडरात दर आठवड्याला, दर महिन्याच्या अमुक तारखेला, दर वर्षी, किंवा दर इतक्या दिवसांनी अशी पुनरावृत्ती लावता येते. बंदरातली शिफ्ट ठरावीक दिवसांनी फिरत असेल तर ती एकदाच नोंदवून वर्षभराची होते. चंद्राचं तसं नाही. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात, तिथी कधी क्षय पावते, कधी वाढते, आणि दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना येतो. नारळी पौर्णिमा २०२३ मध्ये, अधिक श्रावणामुळे, ३० ऑगस्टला आली आणि २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. दर वर्षी याच तारखेला अशी खूण केलेला फोन दर वर्षी चुकणार. आजोबांची पुण्यतिथी, घरातला वार्षिक नैवेद्य, उधाणाचे दिवस, सगळ्यांचं असंच. १९७३ पासून घराघरांत लटकणारं कालनिर्णय स्मार्टफोनच्या काळातही भिंतीवर टिकलं, त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

उपाय आहे आणि तो कठीण नाही. खात्यात एक वेगळं कॅलेंडर उघडावं, त्याला उधाण असं नाव द्यावं, रंग निळा. पंचांग समोर घेऊन वर्षाच्या पौर्णिमा आणि अमावस्या, चोवीस-पंचवीस नोंदी, एका बैठकीत टाकून द्याव्यात. प्रत्येक नोंद त्या तिथीपासून पुढचे दोन दिवस धरून तीन दिवसांची करावी, कारण सर्वांत खोल ओहोटी तिथीनंतर येते. आदल्या दिवशी संध्याकाळी आठवण वाजेल असं ठेवावं. ज्याला मिनिटापर्यंत वेळ हवी त्याने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यातून मुंबईच्या वेळा घ्याव्यात. चंद्र-सूर्याच्या गतीवरून त्या वर्षभर आधी काढलेल्या असतात. वारा, पाऊस, वादळ यांनी पाण्याची उंची बदलते, हे मात्र तक्त्यात नसतं.

हे कॅलेंडर एकाने करावं आणि बाकीच्यांना वाटावं. वाटताना मुख्यतः दोन प्रकारच्या परवानग्या देता येतात, फक्त पाहायची किंवा बदलायची. वाडीतल्या शंभर जणांना पाहायची द्यावी, बदलायची दोघा-तिघांना. लाँचची फेरी रद्द झाल्याची सूचना ग्रुपवर येते आणि तासाभरात शंभर निरोपांखाली बुडते. कॅलेंडरातली नोंद त्या त्या तारखेलाच चिकटून राहते. सोसायटीने, शाळेने, एखाद्या तरुण मंडळाने हे काम अंगावर घ्यावं असं मला फार वाटतं. यात पैसा लागत नाही, दोन-तीन जाणती मुलं लागतात.

यादी एकत्र आली की तिच्यावर डोळा ठेवणारेही येतात. एखादं अ‍ॅप कॉन्टॅक्ट पाहायची परवानगी मागतं तेव्हा ते आपली एकट्याची नव्हे, यादीतल्या प्रत्येकाची माहिती मागत असतं. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी याच याद्या उचलून हप्ता चुकलेल्यांच्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन करून छळलं आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायला मनाई केली, आणि गूगलनेही मे २०२३ अखेरपासून आपल्या दुकानात तशीच अट घातली. तरी बाहेरून लिंकने आलेली अ‍ॅप असतातच. कर्ज देणारं कुठलंही अ‍ॅप नंबर पाहायला मागू लागलं की ते तिथेच काढून टाकावं.

राहता राहिला जुना फोन देऊन नवा घेण्याचा दिवस. दुकानात जुना फोन हातातून सोडण्याआधी नव्या फोनवर आपलं खातं आपणच लावावं, पासवर्ड आपणच टाकावा. मग जुन्या फोनमध्ये एक खोटं नाव सेव्ह करावं आणि ते नव्यात उमटतं का पाहावं. नव्यात ते पुसावं आणि जुन्यातून नाहीसं होतं का तेही पाहावं. दोन्ही बाजूंनी जुळलं तर वाट मोकळी आहे. मग यादी उघडून सवयीची दहा नावं डोळ्यांनी तपासावीत, देवनागरीतली दोन-तीन धरून, कारण सिमवर राहून गेलेली नावं इथेच कमी पडलेली सापडतात. कॅलेंडरात पुढची पौर्णिमा दिसते का बघावं. त्यानंतर जुन्या फोनमधून खातं काढायचं, फोन पूर्ण पुसायचा, सिम काढून घ्यायचं, आणि मगच तो दुकानदाराच्या हाती द्यायचा.